स्टेअरिंगवरचं कातडं

(रेडिओवर झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

माझे अब्बा ड्रायव्हर होते. टॅक्सीचे नव्हेत, घरच्या गाडीचे. भायखळ्याच्या एका डॉक्टरसाहेबांकडे त्यांनी तीस वर्षं नोकरी केली. साहेबांची गाडी १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. कागदावर पद्मिनी, पण मुंबईत तिला सगळे फियाटच म्हणत. १९९६ साली साहेबांनी दवाखाना बंद केला, तेव्हा ती गाडी नाममात्र किमतीला अब्बांना देऊन टाकली. अब्बांनी ती महाड तालुक्यातल्या आमच्या गावी आणली. २००९ मध्ये अब्बा गेले आणि गाडी घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी राहिली. मी बी.ए. होऊन मुंबईत नोकरीला लागलेला, फावल्या वेळात कविता लिहिणारा माणूस. वर्षातून दोनदा गावी जाई, ताडपत्रीवरची धूळ झटकी आणि परत येई.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर वर्तमानपत्रांत बातमी आली, की मुंबईच्या रस्त्यांवरून काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली होती. टॅक्सीच्या वयाची मर्यादा वीस वर्षं. ती पुरी झाली. बातमी वाचून मला चैन पडेना. पुढच्याच शनिवारी गावी गेलो, ताडपत्री काढली, अब्बांच्या जागेवर बसलो आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. हात उचलले तर तळव्यांना काळपट तपकिरी पोपडे चिकटलेले. स्टेअरिंगवर शिवलेलं कातडं सुटत होतं.

मंडळी, आज मी त्या कातड्याबद्दल बोलणार आहे. ते दुरुस्त करता करता मला जो इतिहास वाचावा लागला आणि जो आठवावा लागला, तो तुमच्यापुढे ठेवावा असं वाटलं.

आधी त्या चाकाची अवस्था सांगतो. वरच्या बाजूचं कातडं उन्हाने वाळून तडकलं होतं. खालच्या बाजूला कोकणातल्या चार-चार महिन्यांच्या पावसाने बुरशीचे पांढरे डाग पडले होते. आतल्या अंगाची शिवण तीन ठिकाणी उसवली होती. पण सगळ्यांत जास्त झिजलं होतं ते उजव्या हाताकडचं कातडं. तिथे बोटांच्या रुंदीची एक गुळगुळीत खोलगट जागा झाली होती, आणि डाव्या बाजूला तशी जागा फार फिकट. असं का, याचा मी विचार केला आणि उत्तर गाडीतच सापडलं. जुन्या पद्मिनीचा गिअर जमिनीवर नसतो. स्टेअरिंगच्या दांड्याला डाव्या बाजूने बसवलेला असतो. मुंबईच्या गर्दीत ड्रायव्हरचा डावा हात सतत गिअरवर. चाक धरायचं ते उजव्या हाताने. पॉवर स्टेअरिंग नावाची गोष्ट त्या गाडीत नव्हती, वळवताना खांद्यापासून जोर लावावा लागे. वर्षानुवर्षांचा तो जोर एका वीतभर कातड्यावर उमटला होता.

आपण मराठीत अजूनही ‘गाडी हाकतो’ म्हणतो. मोटारीला बैल नाहीत, घोडे नाहीत, तरी हाकतो. हा शब्द बैलगाडीतून, टांग्यातून आला. त्या काळी गाडी हाकणाऱ्याच्या हातात काय असे? घोडा असेल तर लगाम, आणि लगाम चामड्याचा. लगाम, चाबूक, जीन हे शब्द मराठीत फारसीतून आले आणि घोडदळाबरोबर गावोगाव रुजले. जीन शिवणारा तो जीनगर. एका कसबी जातीचं नावच त्यावरून पडलं. मुंबईत १८७४ साली ट्राम सुरू झाली तीही घोड्यांचीच होती. विजेची ट्राम आली १९०७ मध्ये. म्हणजे त्या काळच्या मुंबईत ट्राम, व्हिक्टोरिया, टांगे या सगळ्यांचा कारभार चामड्याच्या पट्ट्यांवर चालत होता. २०१५ साली उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या, तोवर त्यांच्या चालकांच्या हातात लगाम होतेच.

मोटार जन्माला आली तेव्हा तिला गोल चाक नव्हतं. कार्ल बेंझने १८८६ साली पेटंट घेतलेल्या तीनचाकीला वळवण्यासाठी एक दांडा होता, होडीच्या सुकाणूसारखा. सावकाश चालणाऱ्या गाडीला तो पुरे. पण वेग वाढला तसा दांडा धोक्याचा झाला. चाक खड्ड्यात आदळलं की दांड्याला हिसका बसे आणि गाडी भलतीकडे जाई. १८९४ साली पॅरिस ते रूआँ अशी मोटारींची एक स्पर्धा झाली. तीत आल्फ्रेड वाशेराँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने आपल्या पानार गाडीला दांड्याऐवजी गोल चाक बसवलं होतं. पुढे काही वर्षांतच ते सगळीकडे गेलं. चाकाचा फायदा असा, की हाताची मोठी हालचाल गिअरमधून पुढच्या चाकांपर्यंत लहान होऊन पोचते, आणि रस्त्याचा हिसका हातापर्यंत येताना कमी होतो.

हे चाक सुरुवातीला लाकडी कड्याचं असे. मग टणक रबर आलं, बेकलाइट आलं, नंतर प्लास्टिक. थंड देशात ते ठीक. घाम आला की ते निसटतं. शर्यतीत गाडी चालवणाऱ्यांना हे आधी कळलं, कारण त्यांचं निसटणं जिवावरचं. इटलीत जानपिएरो मोरेत्ती या शर्यतपटूने १९६० च्या दशकात जाड मुठीचं, चामडं चढवलेलं स्टेअरिंग बनवलं आणि त्यातून मोमो ही कंपनी उभी राहिली. १९६४ साली फेरारी चालवून जगज्जेता झालेल्या जॉन सर्टीसच्या गाडीला त्यांचं चाक होतं. त्यानंतर चामड्याचं स्टेअरिंग ही शौकिनांची चीज झाली.

त्याच १९६४ साली आपल्या कुर्ल्यात काय चाललं होतं? तिथल्या कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडत होती. हा कारखाना प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा. सोलापूरला १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी तो उभा केला. या देशात मोटारीचा कारखाना व्हावा म्हणून ते आणि विश्वेश्वरय्या १९३० च्या दशकापासून खटपट करत होते. परक्या सरकारने दाद दिली नाही. शेवटी १९४४ साली कंपनी स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या, आधी अमेरिकेच्या क्रायस्लरच्या सहकार्याने. फियाटशी करार नंतरचा. १९५३ साली वालचंद गेले, आणि पुढच्याच वर्षी फियाट ११०० इथे बनू लागली. फियाटबरोबरचा करार संपल्यावर १९७३-७४ च्या सुमारास तीच गाडी प्रीमियर नावाने विकली जाऊ लागली आणि पुढे पद्मिनी झाली. पद्मिनी म्हणजे चितोडची राणी. तिची कथा १५४० साली अवधी भाषेत रचणारा मलिक मुहम्मद जायसी हा कवी. कवी म्हणून मला या योगायोगाचं थोडं कौतुक वाटतं, एवढंच.

ही गाडी नंबर लावून घ्यावी लागे. पैसे भरून लोक वर्षानुवर्षं थांबत. १०८९ सीसीचं इंजिन, ताकद चाळीस घोड्यांची, पुढे सलग बाकासारखी सीट. आणि स्टेअरिंगचं कडं बारीक, टणक प्लास्टिकचं. एकदा मिळालेली गाडी लोक जपत, ठिगळं लावत चालवत. मुंबईत तिच्या जिवावर केवढी तरी माणसं जगली. गादीवाले, पत्रे ठोकणारे, रंगारी, चोरबाजारातले आणि कुर्ल्यातले सुटे भाग विकणारे, आणि फुटपाथवरचे चांभार.

आता १९८१ सालची गोष्ट. मी बारा वर्षांचा होतो. साहेबांच्या गाडीच्या प्लास्टिकच्या कड्याला तडा गेला. वळवताना तळव्याची चामडी त्या फटीत चिमटली जाई. नवं चाक आणायचं तर खर्च. अब्बा म्हणाले, “साहेब, वरून चामडं शिवून घेतो.” दवाखान्याच्या इमारतीखाली फुटपाथवर एक चांभार बसत. सातारा जिल्ह्यातले. सगळे त्यांना तात्या म्हणत. मी सुट्टीत अब्बांबरोबर होतो, म्हणून सगळं काम डोळ्यांनी पाहिलं.

तात्यांनी आधी सुतळीने कड्याचा घेर मोजला. मग आणखी एक सुतळी कड्याभोवती गुंडाळून जाडी मोजली. रापीने कातड्याची पट्टी कापली ती मापापेक्षा बोटाचं पेर कमीच. मी विचारलं, “तात्या, पुरणार कसं?” ते म्हणाले, “बाळा, ढिलं कापलं तर उद्या हातात फिरंल. कातडं ताणून बसलं तरच खरं.” पट्टी पाण्यात भिजवली, ओढून चढवली. मग आरीने दोन्ही काठांना भोकं पाडली आणि मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायला बसले. एका दोऱ्याला दोन टोकांना दोन सुया. एक सुई इकडून, एक तिकडून, मध्ये फुली पडत जाते. एक टाका तुटला तरी दुसरा धरून राहतो. शिवण कड्याच्या आतल्या अंगाला, म्हणजे तळव्याला टोचू नये.

चाक गाडीलाच होतं. त्यासाठी तात्यांना गाडीत बसावं लागणार होतं. वरून, पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून, साहेबांच्या घरातल्या कुणीतरी आवाज दिला, की त्यांना सीटवर बसवू नका, गादी खराब होईल. खराब होईल हा शब्द सगळ्यांनाच समजला. अब्बा काही बोलले नाहीत. तात्याही बोलले नाहीत. त्यांनी दार सताड उघडलं, रस्त्यावर उकिडवे बसले आणि हात आत घालून शिवलं. साडेतीन तास. अधूनमधून पाय बदलत. अब्बांनी समोरच्या हॉटेलातून दोन कटिंग आणले, एक त्यांना दिला, एक स्वतः घेतला आणि त्यांच्याशेजारी रस्त्यावर बसून प्यायले.

संध्याकाळी काम झालं. पंचवीस रुपये ठरले होते. साहेब बाहेरगावी होते, गाडी धुऊन लावायची होती. अब्बांनी दार उघडलं आणि म्हणाले, “तात्या, बसा. धरून बघा. तुमचंच काम आहे.” तात्या नको नको म्हणाले. अब्बा ऐकेनात. तेव्हा तात्या उठले, आपले दोन्ही हात धोतराला पुसले, पुन्हा पुसले, आणि मग गाडीत बसून चाकाला हात लावला. साडेतीन तास ज्या कातड्यात त्यांची बोटं होती, त्यालाच हात लावण्याआधी त्यांनी हात पुसले. बारा वर्षांच्या पोराला त्यातलं काही कळलं नाही. मला ते कळायला पुढची पुष्कळ वर्षं लागली. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता संपवली ती १९५० साली. ही गोष्ट त्यानंतर एकतीस वर्षांची, आणि मुंबईतली.

त्या बकऱ्याच्या कातड्याला एक वास होता, तुरट, लाकडासारखा. तो हिरड्याचा आणि बाभळीच्या सालीचा. कातडं म्हणजे नुसतं सोलून वाळवलेलं साल नव्हे. तसं ठेवलं तर ते सडतं. मीठ लावून टिकवायचं, चुन्याच्या पाण्यात ठेवून केस सोडवायचे, खरवडायचं आणि मग झाडाच्या तुरट रसात मुरवायचं. त्या रसातलं टॅनिन कातड्याच्या तंतूंना धरून ठेवतं, मग पाणी आणि जंतू त्याचं फारसं काही करू शकत नाहीत. यालाच कातडं कमावणं म्हणतात. मराठीत किती नेमका शब्द आहे पाहा. पैसा कमावतात, शरीर कमावतात आणि कातडंही कमावतात.

आपल्या दक्षिण महाराष्ट्रात याची एक जुनी पद्धत आहे. आख्ख्या कातड्याची पिशवी शिवायची, ती टांगायची आणि तिच्यात हिरडा-बाभळीचा काढा भरायचा. काढा कातड्यातून हळूहळू पाझरत बाहेर येतो, खाली भांड्यात गोळा होतो, तो पुन्हा वर ओतायचा. कोल्हापुरी चपलेचं कातडं या रीतीने कमावलं जाई. हिरडा सह्याद्रीचा. इंग्रजांच्या काळात तो जहाजांत भरून विलायतेच्या कातडे कारखान्यांना जाई, आणि व्यापाऱ्यांच्या भाषेत हिरड्याच्या एका जातीला आपल्या वेंगुर्ल्याचंच नाव होतं. म्हणजे कोकणातलं फळ लंडनच्या बुटात होतं.

हे काम करणाऱ्यांना मात्र गावाबाहेर जागा होती. मेलेलं जनावर ओढून न्यायचं काम महारांवर लादलेलं, कातडं कमवायचं ढोरांनी, शिवायचं चांभारांनी. शेतकऱ्याच्या विहिरीवरची मोट कातड्याची. गावाचं शिवार त्या मोटेच्या पाण्यावर पिके. पखालीतलं पाणी कातड्यातलं. ढोलकी, तबला, मृदंग यांच्या तोंडावर कातडंच. मोटेचं पाणी चालत होतं, पण मोट शिवणाऱ्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं. आमचं महाड तर या इतिहासाचं गावच. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते इथे. मेलेली गुरं ओढणं आणि त्यांचं मांस खाणं सोडा, ही त्यांची शिकवणही त्याच चळवळीतली. ज्यांनी कसब नाइलाजाने धरलं होतं, त्यांना ते सोडण्याचाही अधिकार आहे, हे त्यात होतं. जुन्या कसबाचं कौतुक करताना आपण हे विसरतो.

मुंबईत हे काम धारावीत स्थिरावलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराने दुर्गंधीचे धंदे वेशीबाहेर लोटले. त्या काळची वेस म्हणजे धारावीची खाजण. तिथे तिरुनेलवेलीकडून आलेल्या तमिळ मुसलमानांनी कातडी कमावण्याचे कारखाने काढले. पुढे शहर वाढलं, वेस पुढे सरकली आणि ते कारखानेही तिथून हलवले गेले. बॅगा, पट्टे, पाकिटं शिवणारे कारागीर मात्र राहिले. कमावण्याची पद्धतही बदलली होती. १८८४ साली ऑगस्टस शुल्ट्झ याने अमेरिकेत क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावण्याचं पेटंट घेतलं. झाडाच्या सालीला जिथे आठवडे लागत, तिथे क्रोमला काही तास ते दिवस पुरतात, आणि कातडं मऊ, उष्णता सोसणारं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासेत ही पद्धत आणली. आजच्या नव्या गाड्यांच्या स्टेअरिंगवर चामडं असलंच, तर ते बहुतेक क्रोमचं, वरून रंगाचा थर दिलेलं. तात्यांचं कातडं जुन्या रीतीचं. त्याने पाणी, घाम, ऊन सगळं प्यायलं होतं आणि फिकट तांबूस रंगाचं काळपट झालं होतं.

आता दुरुस्तीकडे येतो. पहिली चूक माझी. मेकॅनिकने आठवडाभर खपून इंजिन चालू करून दिलं, आणि मी उत्साहाच्या भरात वाळलेल्या कातड्याला खोबरेल तेल चोळलं. केसाला चालतं तर कातड्याला का नाही, असा माझा हिशोब. दुसऱ्या दिवशी गावाच्या वळणावर चाक हातातून निसटलं आणि गाडी गटाराच्या काठाशी थांबली. नशीब, रस्त्यावर कुणी नव्हतं. खोबरेल कातड्यात स्थिर राहत नाही. ते बाहेर येतं, धूळ धरतं, शिवणीचा दोरा सैल करतं. बुटाचं पॉलिशही तसंच वाईट. स्टेअरिंग चमकलं की समजावं, निसटणार आहे.

मग मी गाडी हळूहळू मुंबईला आणली. कुर्ल्याच्या बाजारात एक जण म्हणाला, “काका, पाचशे रुपयांत नवं कव्हर चढवून देतो, वीस मिनिटांत.” मी पुढे गेलो. धारावीत बॅगा शिवणारा एक तरुण भेटला, बिहारकडचा. त्याने शिवणीवर अंगठा फिरवला, टॉर्च लावून आतली बाजू पाहिली आणि म्हणाला, “चाचा, ये दो सुई का काम है। हाथ का है। इसमें नया छेद मत मारने देना किसी को।” त्याचं म्हणणं असं, की कातडं म्हातारं झालंय. नवी भोकं पाडली तर ओळच्या ओळ फाटेल. तात्यांच्याच भोकांतून पुन्हा शिवायचं.

आम्ही दोघांनी मिळून चार दिवस काम केलं. आधी तेल काढलं. कॉर्नफ्लोअरची जाड पूड रात्रभर चोपडून ठेवली, ती तेल पिऊन पिवळी पडली. मग सौम्य साबणाचा फेस स्पंजवर घेऊन, पिळून, थोडं थोडं पुसलं. पाणी ओतायचं नाही. कातडं भिजून मग आकसलं तर शिवण तटतटते. फडक्यावर जे काळं आलं ते वर्षांचा घाम, डोक्याला लावलेलं तेल, मुंबईचा धूर. बुरशीची जागा फडक्यावर स्पिरिट घेऊन हलक्या हाताने पुसली. वाळल्यावर अगदी बारीक, हजार नंबरच्या कागदाने उभे राहिलेले तंतू बसवले. तड्यांत लवचिक भरणी पातळ हाताने भरली, वाळवली, पुन्हा घासली, पुन्हा भरली. एकदम जाड भरली तर चाक दाबल्यावर ती फुटून निघते. मग उसवलेल्या तीन जागी मेणाच्या दोऱ्याने, जुन्याच भोकांतून, दोन सुयांनी शिवण. शेवटी भरणीपुरता रंग आणि वरून न चमकणारा संरक्षक थर, अगदी पातळ. तो पुरा वाळेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. तुमच्यापैकी कुणाची गाडी नवी असेल आणि स्टेअरिंगमध्ये एअरबॅग असेल, तर चाक घरी उघडू नका, ते काम जाणकाराचं.

तिसऱ्या दिवशी तो तरुण उजव्या बाजूच्या खोलगट जागेपाशी आला. म्हणाला, “ये भी भर देता हूँ। लेव्हल हो जाएगा, नया जैसा।” त्याचं बरोबर होतं. कारागिराला वस्तू सारखी दिसायला हवी असते. मी नको म्हणालो. का, ते त्याला सांगायला मला जमेना. तेव्हा मी त्याला सीटवर बसवलं आणि म्हटलं, इथे हात ठेव. त्याची बोटं त्या खोलगटात बरोबर बसली. म्हणाला, “किसी ने बहुत चलाई है।” मग त्याने ती जागा फक्त साफ केली, भरली नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हात ठेवायच्या आधी त्याने हात पुसले नव्हते. बोटांना रंग होता, मेण होतं. तो सरळ बसला, धरलं, बघितलं, उतरला आणि कामाला लागला. १९८१ आणि २०२४ यांच्यात काय बदललं आणि काय नाही, याचा हिशोब एका गाडीवरून मांडू नये, हे मला कळतं. कातडं कमावणाऱ्यांच्या, गटारात उतरणाऱ्यांच्या बातम्या आपण सगळे वाचतो. पण मी जे पाहिलं ते सांगतो आहे.

तात्या त्या फुटपाथवर कधीपर्यंत बसले, मला ठाऊक नाही. इमारत पाडून नवी झाली. अब्बांनी त्यांचा विषय माझ्याकडे पुन्हा एकदाच काढला. गाडी गावी आणली त्या वर्षी मी नवं स्टेअरिंग कव्हर आणलं होतं, चकचकीत, प्लास्टिकचं. अब्बांनी ते परत दिलं. म्हणाले, “रस्त्यावर बसून शिवलंय त्या माणसाने. ते झाकायचं नाही.”

गाडी आता महिन्यातून एकदा बाहेर काढतो. उजवा हात आपोआप त्या खोलगटात जातो. माझी बोटं अब्बांपेक्षा बारीक आहेत, जागा थोडी मोठी पडते. शिवणीतले बरेचसे टाके तात्यांचे आहेत, काही त्या तरुणाचे. बोट फिरवलं तर कुठे एकाचे संपतात आणि दुसऱ्याचे सुरू होतात, ते कळत नाही.